ओव्याच्या वासाचं झुडूप

माझ्या हातून पाच थाइम मेली. पहिलं पाण्याने, दुसरंही पाण्यानेच, तिसरं शेणखताने, चौथं सावलीत ठेवल्याने आणि पाचवं कात्रीने. तुळस, गवती चहा, कढीपत्ता, अगदी कुंडीतली हळद जगवलेली बाई मी. साताऱ्यातल्या आमच्या गच्चीवर माझ्या नावाला वजन होतं. आणि इथे, दक्षिण फ्रान्समध्ये, जे झुडूप रस्त्याच्या कडेला दगडांतून आपणहून उगवतं, ते माझ्या अंगणात मात्र पाच वेळा वाळून काटकी झालं.

थाइम म्हटल्यावर पुण्याची मावसबहीण लगेच म्हणाली, "पिझ्झ्याबरोबर पुडीत येतं ते?" ते नव्हे. पुडीतलं ते ओरेगॅनो. दोघं एकाच घरातली, म्हणजे तुळस-पुदिन्याच्या कुळातली, पण वेगळी. थाइमचं झुडूप वीतभर उंच, फार तर दीड वीत. खालून लाकूड, वर बारीक करड्या काड्या. पान तांदळाच्या दाण्याएवढं, कडा खालच्या बाजूला मुडपलेल्या, पोटाशी पांढुरकी लव. ही मुडपलेली कड आणि ती लव म्हणजे उन्हाळ्याची तयारी: पानातून पाणी उडेल तितकं कमी उडावं. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं तर पानावर बारके चकचकीत थेंब बसलेले दिसतात. तेलाच्या पिशव्या त्या. बोट लागलं की फुटतात आणि मग वास येतो. न चुरता नुसतं नाक जवळ नेलंत तर थंडीच्या सकाळी थाइम जवळजवळ गप्प असतं. दुपारच्या उन्हात मात्र हात न लावताही बोलायला लागतं.

आम्ही राहतो ते गाव मोंपेलिएच्या उत्तरेला, पिक सँ-लू नावाच्या डोंगराच्या दिशेने. डोंगर कसला, 658 मीटरची सुळक्यासारखी चुनखडीची धार. पण आजूबाजूला सगळं बुटकं, म्हणून तोच डोंगर. त्याच्या पायथ्याशी जो माळ पसरलाय त्याला इथे गारिग म्हणतात. काटेरी पानांचे खुरटे ओक, रोझमेरी, पांढरे दगड आणि त्यांच्यामधून थाइम. माणदेशातला माळ ज्याने पाहिलाय त्याला इथे फार परकं वाटत नाही, फक्त काळ्या खडकाच्या जागी पांढरा खडक आणि बाभळीच्या जागी ओक. एप्रिल-मेमध्ये थाइम फुलतं तेव्हा माळावर फिकट जांभळी राख उधळल्यासारखी दिसते. मधमाश्यांचा आवाज एवढा की दोन माणसांना जरा मोठ्याने बोलावं लागतं.

तर या माळापासून चालत दहा मिनिटांवर माझी थाइम मरत होती.

शेजारच्या मादाम कुंपणापलीकडून हे तीन वर्षं बघत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, कंबरेत वाकलेल्या, पण बागेत रोज दोन तास. आम्ही एकमेकींना अजूनही 'तुम्ही'च म्हणतो. पाचव्या थाइमची काटकी मी उपटत होते तेव्हा त्यांच्याने राहवलं नाही.

"फार लाड करता तुम्ही त्याचे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी झारी घेऊन येता, मी बघते ना."

"पण चाळीस अंश ऊन आहे हो, मादाम!"

"त्याला माहीत आहे ते."

मग त्यांनी मला त्यांच्या बागेत नेलं आणि थाइम कुठे आहे ते दाखवलं. जुन्या भिंतीचा ढासळलेला कोपरा, दक्षिणेकडे तोंड, वर दगड, खाली दगड, मधल्या फटीत बचकभर माती म्हणता येईल असं काहीतरी. बागेतली उरलीसुरली जागा. तिथे थाइम ऐसपैस बसलं होतं, तीस वर्षांचं. म्हणजे पहिलं झाड तीस वर्षांपूर्वीचं, आताची त्याची पोरंबाळं. थाइमचं एक झुडूप फार वर्षं देखणं राहत नाही. बुंधा लाकडाळतो, मध्ये टक्कल पडतं. म्हणून फुलोरा गेला की हिरवा शेंडा छाटायचा, दरवर्षी. पण खालच्या जुन्या लाकडात कात्री घातली की तिथून पुन्हा फूट येत नाही. माझं पाचवं असं गेलं. मोगऱ्यासारखं खरड छाटलं होतं मी त्याला.

मग मी दगडांची बाग करायला घेतली. लिहायला एक वाक्य, करायला पूर्ण हिवाळा. अंगणाच्या टोकाशी एक छोटा उतार होता, दिवसभर उन्हात. वरची चांगली, काळी, मऊ माती मी आधी काढून टाकली. त्या दिवशी आईशी व्हिडिओवर बोलताना ते ढिगारे तिला दिसले आणि ती कळवळली, "अगं, सोन्यासारखी माती कुठे फेकतेस?" त्या जागी दोन वाटे चुनखडीची खडी, एक वाटा तिथलीच हलकी माती. खत शून्य. दगड नुसते ठेवायचे नाहीत, एक-तृतीयांश पुरायचे, नाहीतर टेकडी दिसत नाही, ट्रक उलटल्यासारखं दिसतं. रोप लावल्यावर त्याच्या गळ्याशी बोटभर खडीचा थर, म्हणजे पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात मूळ धरेपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी, तेही संध्याकाळी. मग झारी मादामकडे जमा केली. खरंच केली. व्यसन सोडताना करतात तसं.

मी मला फार हुशार समजत होते, तेवढ्यात कळलं की ही युक्ती चारशे वर्षं जुनी आहे आणि माझ्याच गावाच्या बसच्या टप्प्यात आहे. मोंपेलिएची वनस्पतिबाग 1593 सालची, फ्रान्समधली सर्वांत जुनी. राजा चौथ्या हेन्रीच्या काळात पिएर रिशे द बेलव्हाल नावाच्या वैद्याने ती उभी केली, विद्यार्थ्यांना औषधी झाडं शिकवायला. त्या बागेत एक लांबट उंचवटा आहे, टप्प्याटप्प्यांचा. त्याला अजूनही रिशेचा डोंगर म्हणतात. कल्पना अशी की उन्हाकडची बाजू कोरड्या जागेतल्या झाडांना, सावलीकडची ओलाव्यातल्या झाडांना. रोपाला आपल्या सोयीच्या वाफ्यात आणून बसवायचं नाही, त्याच्या सोयीचा उतार त्याला बांधून द्यायचा. 1622 मध्ये शहराला वेढा पडला, त्यात ती बाग उद्ध्वस्त झाली. रिशेने ती पुन्हा उभी केली. त्या उंचवट्याच्या पायऱ्यांवरून मी जाते तेव्हा माझ्या पाच काटक्या आठवतात आणि जरा बरं वाटतं.

सप्टेंबरात मात्र माझी झोप उडाली. इथे उन्हाळा संपता संपता समुद्रावरून ढग येतात, मागच्या सेव्हेन डोंगरांना अडतात आणि फुटतात. 29 सप्टेंबर 2014 ला मोंपेलिएत तीन तासांत अडीचशे मिलिमीटर पाऊस पडला होता. कोकणातल्या माणसालाही हा आकडा ऐकून छत्री सापडणार नाही. मी खिडकीत उभी राहून माझ्या टेकडीवरून पाण्याचे लोट वाहताना बघत होते. सकाळी जाऊन पाहते तर रोपं जशीच्या तशी, चार पानांवर चिखल. तेव्हा ध्यानात आलं: थाइमचं वैर पावसाशी नाही, साचलेल्या पाण्याशी आहे. वाहून गेलं तर कितीही येवो. आपल्याकडे ते पावसाळ्यात का बसतं याचंही उत्तर त्यातच. चार महिने ओली मुळं आणि ओली हवा, दोन पावसांमध्ये सुकायला उसंत नाही.

मे महिन्यात आई आली. साताऱ्याहून मुंबई, मुंबईहून पॅरिस, पुढे रेल्वे. सामानात मेतकूट, कुळथाचं पीठ आणि माझ्यासाठी एक छोटी बाटली, जिच्याविषयी नंतर सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन अंगणात गेली. मी आतून बघत होते. ती टेकडीपाशी वाकली, एक काडी दोन बोटांत ओढली, बोटं नाकाशी नेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, हा ओवा आहे!"

"थाइम आहे, आई."

"असेल तुमचं थाइम. वास ओव्याचा आहे."

आणि ती अगदी बरोबर होती. मी इतकी वर्षं तो वास घेत होते, काहीतरी ओळखीचं वाटायचं, पण नाव सुचत नव्हतं. तिला अर्ध्या मिनिटात सुचलं. ओव्यातला मुख्य वास ज्या पदार्थाचा, त्याचं नावच मुळी थाइमॉल. म्हणजे थाइमवरून पडलेलं. कास्पर नॉयमान या जर्मन रसायनज्ञाने 1719 मध्ये थाइमच्या तेलातून त्याचे स्फटिक वेगळे केले, 1853 मध्ये लालमाँ या फ्रेंच रसायनज्ञाने त्याला नाव दिलं. गंमत अशी की कारखान्यात थाइमॉल काढायची वेळ आली तेव्हा थाइमपेक्षा ओवाच सोयीचा ठरला. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातून जर्मनीत जहाजं भरून ओवा जायचा, तो भजीत घालायला नव्हे. जंतुनाशक करायला. 1914 मध्ये युद्ध पेटलं आणि तो व्यापार थांबला.

ओवा आणि थाइम यांचं नातं मात्र काही नाही. ओवा जिरे-बडीशेप-कोथिंबिरीच्या घरातला, थाइम तुळशीच्या. आपल्या बाल्कनीत असतो तो पानओवा, ज्याच्या जाड लवदार पानांची भजी करतात, तो तुळशीच्या घरातला, म्हणजे नात्याने थाइमला जवळचा. नाव मात्र ओव्याचं. झाडांनी आपापल्या वाटेने जाऊन एकच वास शोधून काढला. कोणी कोणाचं उसनं घेतलेलं नाही.

आता ती बाटली. आई जिथे जाईल तिथे अमृतधारा नेते. या वेळी तिने ती करून आणली नव्हती, करायचं सामान आणलं होतं, "विमानात सांडलं म्हणजे?" साताऱ्यातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून तीन पुड्या: भीमसेनी कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल. हे 'फूल' म्हणजे फूल नव्हे, स्फटिक. पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल, लांब सुयांसारखं. ओव्याचं फूल म्हणजे तेच थाइमॉल, जाड साखरेसारखे खडे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिने तिन्ही सारख्या मापाने बाटलीत टाकले. तिन्ही कोरडे, खडखडीत. बूच लावलं आणि बाटली हातात धरून हलवत बसली. पहिल्यांदा काचेला आतून धुकं धरल्यासारखं झालं. मग खड्यांच्या कडा गोल झाल्या, ते एकमेकांना चिकटायला लागले, तळाशी एक थेंब दिसला. विस्तव नाही, पाणी नाही. थोड्या वेळाने बाटलीत एकही खडा नव्हता, पातळ, स्वच्छ, पाण्यासारखं काहीतरी होतं. लहानपणी मी हे शंभरदा पाहिलंय. तरी परत ओट्याला हनुवटी टेकवून पाहिलं. एकेकटे असताना घन राहणारे हे तिघं एकत्र आले की त्यांचा वितळायचा बिंदू खाली घसरतो, एवढंच रसायनशास्त्र. आईचं म्हणणं, "तिघांचं पटतं."

मादामना बोलावून आम्ही तो वास दिला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "माझ्या आईचा काढा." इथे खोकला झाला की थाइमची काडी उकळत्या पाण्यात टाकतात, वर झाकण ठेवतात, मध घालून पितात. मग दोन म्हाताऱ्या, एकीला फ्रेंच येत नाही, दुसरीला मराठी, ओट्यापाशी उभ्या राहून छातीवर हात चोळून खोकून दाखवत होत्या. मला दुभाषी म्हणून कोणी विचारलं नाही.

त्या रात्री आई म्हणाली, तू झालीस तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत रोज शेगडी असायची; निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकायचे, तुला त्या धुरीवरून फिरवायचे. "म्हणून तुला तो वास ओळखीचा." असेलही. मी नंतर शोधलं तर थाइम हे नाव बहुधा ज्या ग्रीक क्रियापदावरून आलं त्याचा अर्थ देवापुढे आहुती जाळणे, धूप करणे. ते क्रियापद आणि संस्कृतमधला 'धूम' एकाच मुळाचे मानतात. म्हणजे त्या शेगडीवरच्या धुराचं आणि माझ्या टेकडीवरच्या झुडपाचं नाव लांबून का होईना पण एकमेकांना हाक मारतं.

आता कबुली. याच सुमारास मी घरच्या ग्रुपवर थाइमचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं: 'जितके हाल, तितका सुगंध.' बत्तीस जणांनी हात जोडले. आपल्याला हे असलं फार लवकर सुचतं. चंदन झिजतं, सोनं तापतं, उदबत्ती जळते. झाड दिसलं की आपण आधी त्याच्यातलं सुभाषित काढून घेतो. आणि त्यात थोडं खरंही होतं. खत-पाणी भरपूर मिळालं की थाइम भसाभस वाढतं, मऊ, लांबट, आणि वासाला फिकं.

पण पुढच्या वसंतात मी एका पदयात्रेला गेले आणि ते सुभाषित तिथल्या दगडांत राहिलं. आमच्याहून थोडं उत्तरेला सँ-मार्तँ-द-लोंद्र नावाचं गाव आहे (लंडनशी संबंध नाही, मीही विचारलं होतं). गाव एका बशीसारख्या खोलगट जागेत आहे, चहूबाजूंनी डोंगर. आम्हाला नेणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी कडेच्या उतारावर थांबवून थाइमचं पान चुरायला सांगितलं. ओवा, चांगला झणझणीत. मग बशीच्या तळाला उतरलो, फक्त काही किलोमीटर. तेच झुडूप, तीच पानं, तीच फुलं. चुरलं, आणि वासात ओव्याचं नावही नाही. एकाचा वास लिंबाकडे झुकणारा, दुसऱ्याचा लव्हेंडरसारखा, तिसऱ्याचा गुलाबाच्या पाण्यासारखा. मला वाटलं नाकाला सर्दी झाली.

इथल्या थाइमचे वासाप्रमाणे सहा प्रकार आहेत, आणि कोणता वास येणार हे रोपाच्या रक्तातच ठरलेलं असतं. त्यांतले दोन तिखट, म्हणजे थाइमॉल आणि त्याचाच भाऊबंद कार्व्हाक्रॉल असलेले. बाकीचे चार मवाळ. तिखट उतारांवर आणि माळांवर, मवाळ बशीच्या तळाशी. कारण हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जड, गार हवा डोंगरांवरून घरंगळून तळाला येऊन बसते. तळाशी कडाक्याचं गोठतं, वर त्या मानाने उबदार. आणि गोठण्याला तिखट थाइम टिकत नाही. उन्हाळ्याच्या तहानेला तेच जास्त चिवट, पण हिवाळ्याच्या एका वाईट रात्रीला मान टाकतं. फेब्रुवारी 1956 सारखी लाट आली, ज्यात दक्षिण फ्रान्समधली ऑलिव्हची झाडं गेली, तर तळाशी उरतं ते मवाळ थाइम.

म्हणजे माझं वाक्य निम्मंच खरं. हाल एकाच जातीचे नसतात. एका हालात जो वास कामाचा, तो दुसऱ्या हालात नडतो. सगळ्यात कठोर रात्र काढणाऱ्या झुडपाला सगळ्यात सौम्य वास असतो. घरच्या ग्रुपवर मी हे दुरुस्त करून टाकलं. एकाने अंगठा दाखवला, तो माझा नवरा.

यातला पुढचा भाग मला जास्त खुपतो. ही वाटणी 1970 च्या आसपास कोणीतरी जागोजाग पानं गोळा करून नकाशावर मांडून ठेवली होती. संशोधक जॉन थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी जाऊन पाहिलं, ते 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. पूर्वी जिथे तिखट थाइम औषधालाही नव्हतं, अशा जागी ते आता उतरलं होतं. मधल्या काळात तशा जीवघेण्या थंडीच्या रात्री कमी झाल्यात. थर्मामीटरशिवाय, नुसत्या नाकाने हवामान बदललेलं कळावं असं दुसरं झाड मला ठाऊक नाही.

मादामना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, छप्पनची थंडी त्यांना आठवते. रात्री ऑलिव्हची खोडं तडकल्याचे आवाज यायचे. एवढं बोलून त्या शेंगा सोलायला लागल्या.

माझी टेकडी आता चार वर्षांची आहे. थाइमच्या सात रोपांपैकी सहा जगली. दरवर्षी मेअखेर मी फक्त हिरवे शेंडे छाटते, वर्तमानपत्रावर सावलीत वाळवते आणि एक पुडी साताऱ्याला जाते. आई ते झुणक्यात घालते. तिचा अभिप्राय: "ओवा चांगला आहे तुमच्याकडचा, पण दाणा नाही."

या वर्षी पायरीच्या दोन फरशांमधल्या फटीत एक नवं रोप आलंय. मी लावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही. बोटभर उंच. माझी सगळी रोपं ओव्याच्या वासाची, त्यामुळे हेही तसंच असणार म्हणून मी बघितलंही नव्हतं. आई पुन्हा आली होती, तिने पायरीवर बसल्या बसल्या त्याचं एक पान चुरलं, हुंगलं, परत हुंगलं.

"हा नाही ओवा," ती म्हणाली.

मीही हुंगलं. खरंच नव्हता. काहीतरी गोडसर, लव्हेंडरकडे जाणारं. मवाळ वास तिखटाला दाबतो, असं त्या पदयात्रेतल्या बाईंनी सांगितलं होतं. बी माझ्याच झुडपाचं असलं तरी पराग मवाळ रोपाचा आला की पोर मवाळ. म्हणजे एखादी मधमाशी माळावरून कुठून तरी पायाला ते लावून माझ्या अंगणात आली होती.

"मग काय आहे?" मी विचारलं.

"ते मला काय विचारतेस? फरशी नीट बसवून घेऊ नकोस म्हणजे झालं," असं म्हणून आई चहाचा कप घेऊन उठली, आणि जाताना त्या रोपाला वळसा घालून गेली.